वकिलातीच्या खिडकीआडचे दिवस

मुठाकाठ (धागाकर्ता)

पुण्यात राहणारे आपल्यापैकी अनेक जण रोज म्हात्रे पुलावरून मुठा ओलांडत असतील. हा पूल रवींद्र म्हात्रे यांच्या नावाचा आहे, हे ठाऊक असलेली माणसे मात्र मला फार थोडी भेटली. म्हात्रे बर्मिंगहॅमच्या भारतीय वाणिज्य दूतावासात अधिकारी होते. 3 फेब्रुवारी 1984 रोजी संध्याकाळी मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन ते बसने घरी निघाले होते. बसमधून उतरल्यावर त्यांना पळवून नेण्यात आले, भारतात कैदेत असलेला काश्मिरी फुटीरतावादी मकबूल भट याच्या सुटकेची मागणी झाली आणि काही दिवसांतच म्हात्रे यांचा मृतदेह सापडला. मी परराष्ट्र सेवेत शिरलो ते त्यानंतर थोड्याच वर्षांनी, आणि त्या हकिगतीतली बस आणि केक माझ्या मनातून कधीच गेले नाहीत. मुत्सद्दी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे झेंडा लावलेली मोटार उभी राहते. दिवसभराचे काम आटोपून हातात खोके सांभाळत बसमध्ये उभा राहिलेला माणूस कुणाला आठवत नाही, आणि आमच्यातले बहुतेक जण तर त्याच्यासारखेच जगले.

मी सेवेच्या ‘ब’ शाखेत सहायक म्हणून लागलो आणि सेकंड सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालो. सगळ्या नेमणुकांमध्ये मी जिथे सर्वांत अधिक शिकलो ते ठिकाण म्हणजे मस्कत. तिथल्या आमच्या वकिलातीच्या कॉन्सुलर विभागात माझी नेमणूक होती. सकाळी खिडकी उघडण्याच्या आधीच बाहेर रांग लागलेली असे. कुणाला नवजात बाळाचा पहिला पासपोर्ट हवा असे, कुणाला गावाकडची जमीन भावाच्या हवाली करण्यासाठी मुखत्यारपत्र साक्षांकित करून हवे असे, आणि नोव्हेंबर आला की मुलाकडे राहायला आलेले निवृत्त आजी-आजोबा हयातीच्या दाखल्यासाठी नीटनेटके कपडे करून येत. पासपोर्टचे अर्ज स्वीकारण्याचे काम बाहेरच्या संस्थेकडे गेल्यावर ही गर्दी कमी झाली. मग खिडकीपाशी उरली ती खरी अडचणीतली माणसे.

ओमानमध्ये जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घेण्यास बंदी असते. आमचा दूरध्वनी सर्वाधिक खणखणत असे तो याच तीन तासांत. ‘अरबाब (मालक) पासपोर्ट देत नाही’, ‘चार महिने पगार नाही’, ‘एजंटाने ड्रायव्हरचे काम सांगितले आणि इथे उंट राखायला लावले आहे’ अशी ती बोलणी असत. ज्याच्याजवळ पासपोर्टच उरलेला नाही, त्याला मायदेशी परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र द्यावे लागते. मजूर त्याला ‘आउटपास’ म्हणतात. ते एक पान दिले की काम संपले असे कुणाला वाटेल. प्रत्यक्षात पान देण्याआधी हा माणूस भारतीयच आहे याची खातरजमा त्याच्या जिल्ह्यातून करून घ्यायची, मालकाने त्याच्यावर पळून गेल्याची तक्रार केली असेल तर ती मिटवायची, दंड माफ होतो का ते पाहायचे आणि तिकिटाचे पैसे कुठून आणायचे ते ठरवायचे, असा सगळा पसारा असे. 2009 मध्ये भारतीय समुदाय कल्याण निधी सुरू झाला आणि निदान शेवटच्या प्रश्नाला हक्काचे उत्तर मिळाले. त्याआधी आम्ही तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांकडे शब्द टाकत असू, आणि ते बहुधा नाही म्हणत नसत.

या कामातला सर्वांत अवघड भाग मृत्यूचा. शवपेटी पाठवल्यावर मागे माणसाचे सामान उरते आणि त्याची यादी करावी लागते. 2012 च्या उन्हाळ्यात तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील करीमनगर जिल्ह्यातला एक गवंडी झोपेतच गेला. कामगारांच्या निवाऱ्यावर जाऊन मी त्याच्या खाटेवर बसलो आणि पेटी उघडली. दोन शर्ट, एक लुंगी, मोबाईल, न उघडलेली खोबरेल तेलाची बाटली, मुलासाठी घेतलेले बूट, आणि मागच्या मुखपृष्ठावर पाढे छापलेली आपल्याकडची शंभर पानी वही. वहीत तारखेपुढे पेन्सिलीने कामाच्या तासांचे आकडे मांडले होते: 8 अधिक 3, 8 अधिक 2, 8 अधिक 4. मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत एकही तारीख चुकलेली नव्हती. यादीत मी ‘वही, नग 1’ असे लिहिले आणि लिहितानाच माझ्या ध्यानात आले की या वहीची किंमत पेटीतल्या बाकी सगळ्या वस्तूंहून अधिक आहे.

परदेशातील वकिलातीशी तुमचा, तुमच्या नातलगांचा संबंध आला असेल, किंवा तुम्ही स्वतः अशी नोकरी केली असेल, तर अवश्य लिहावे.

सागरवेळ

तुमचे लिखाण वाचून बरे वाटले. मी या सेवेतल्या अधिकाऱ्याची पत्नी. बावीस वर्षांत आम्ही पाच देश पाहिले, म्हणजेच पाच वेळा घर मोडले आणि पाच वेळा मांडले. जहाजाने पाठवलेले सामान दोन-तीन महिन्यांनी पोचते, तोवर दोन पातेली आणि एका कुकरवर संसार चालवायचा. माझ्या धाकट्या मुलीने पहिली ते दहावी चार शाळांतून केली आणि दर वेळी पहिले काही आठवडे ती मधल्या सुट्टीत एकटी डबा खात असे. अधिकाऱ्याच्या जोडीदाराला तिथे नोकरी करता येते की नाही, हे त्या देशाशी आपला तसा करार आहे की नाही यावर ठरते. मी रसायनशास्त्र शिकवत होते. त्यातली मोजून चार वर्षे मला परदेशात शिकवता आले. हे मी कुरकुर म्हणून लिहीत नाही. पाहुण्यांसाठी झळकणाऱ्या दिवाणखान्याच्या मागे असेही काही असते, ते नोंदले जावे इतकेच.

भेटींविषयी लिहायचे तर वॉर्सातली एक भेट सांगते. मी मूळची कोल्हापूरची. एका स्वागत समारंभात ऐंशीच्या घरातल्या एक पोलिश बाई माझ्या साडीकडे बघत जवळ आल्या आणि मी कुठली ते त्यांनी विचारले. कोल्हापूर म्हणताच त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि स्पष्ट मराठीत म्हणाल्या, ‘वळिवडे. पाणी गरम आहे. चल, चल.’ दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाच्या छावण्यांतून सुटून आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात 1943 ते 1948 या काळात आसरा मिळाला होता, हे मी शाळेत असताना कधीतरी ऐकले होते. त्यातली एक मुलगी साठ वर्षांनी माझ्यासमोर उभी होती. पुढे त्या दर महिन्याला आमच्याकडे जेवायला येऊ लागल्या. तांबड्या रश्श्याचा वास आला की त्या काही वेळ बोलत नसत. एकदा त्यांनी मला त्यांच्या आईचा फोटो दाखवला: डोक्याला रुमाल बांधलेली पोलिश बाई, आणि तिच्याशेजारी नऊवारीतली एक मराठी बाई, दोघी हसत आहेत. 2024 च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकावर पुष्पचक्र वाहिले, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून रडले. त्या बाई तोवर गेल्या होत्या.

दाभोळखाडी

माझे लिहिणे थोडे कडू असेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. माझा थोरला भाऊ आखातातल्या एका देशात बोटीवर कामाला होता आणि तिथेच त्याला हृदयविकाराचा झटका आला. त्याला घरी आणायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस आमच्या आईने चुलीला हात लावला नाही. तिथल्या आपल्या कार्यालयात फोन केला की ‘कागद आले नाहीत’ एवढेच उत्तर मिळे. कोणता कागद, कुणाकडून यायचा, हे सांगायला कुणाला सवड नव्हती. सातव्या दिवशी एका अधिकाऱ्याने स्वतःहून फोन केला आणि आईशी मराठीत नव्हे, पण मोडक्या हिंदीत पाच मिनिटे शांतपणे बोलले. भावाच्या खिशात काय काय होते ते त्यांनी तिला एकेक करून सांगितले. त्या दिवशी ती जेवली. सहारच्या कार्गोतून पेटी ताब्यात घेऊन आम्ही रात्रभर प्रवास करून दापोलीला पोचलो. मला त्या अधिकाऱ्यांचे नावसुद्धा माहीत नाही. धागाकर्त्यांना विचारायचे आहे की इतके दिवस का लागतात, आणि जे लागायचे ते लागणारच असेल तर घरच्यांना सांगत का नाहीत?

मुठाकाठ

दाभोळखाडी, क्षमा तुम्ही मागू नये. तुमचा दुसरा प्रश्न रास्त आहे आणि त्याला समर्थनीय असे उत्तर माझ्याजवळ नाही. ज्या कार्यालयात दोन माणसे दहा माणसांचे काम करतात तिथे पहिला बळी समजावून सांगण्याचा जातो, हे मी पाहिले आहे; आणि माझ्याकडूनही ते घडले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, म्हणजे उद्या कुणावर असा प्रसंग आला तर निदान काय चालले आहे ते कळेल. इस्पितळ मृत्यूचा दाखला देते. मृत्यू इस्पितळाबाहेर झालेला असेल तर पोलीस चौकशी करतात आणि कारण स्पष्ट नसेल तर शवचिकित्सेचा निर्णय सरकारी वकिलाकडे जातो. दिवस जातात ते मुख्यतः इथे. त्यानंतर जवळच्या वारसाचे संमतीपत्र लागते: देह गावी आणायचा की तिथेच अंत्यविधी करायचा, आणि तिथली कागदपत्रे कुणाच्या हाती द्यायची. वकिलात मृत्यूची नोंद करते, पासपोर्ट रद्द करते आणि ना-हरकत दाखला देते. मग देहावर रसायनांची प्रक्रिया होते, तिचे प्रमाणपत्र मिळते आणि विमान कंपनी पेटीसाठी जागा देते. यातला एक कागद साप्ताहिक सुट्टीच्या तोंडावर अडला की ती संपेपर्यंत पुढचे सगळे कागद अडतात. मालकाने खर्च उचलायचा असतो. तो टाळाटाळ करू लागला की कल्याण निधीतून खर्च करून देह आधी पाठवावा आणि मालकाशी भांडण मागाहून करावे, असे माझे मत होते आणि माझ्या वरिष्ठांनीही ते मानले.

वाचकांपैकी कुणी आखातात निघाले असेल तर आणखी एक गोष्ट. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणी आवश्यक असल्याची नोंद असते आणि ठरावीक देशांत कामाला जाताना त्याला परवानगी घ्यावी लागते. त्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजना येते. दोन वर्षांसाठी 275 आणि तीन वर्षांसाठी 375 रुपये हप्ता, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाखांचे संरक्षण. ही परवानगी चुकवून पर्यटन व्हिसावर पाठवणारा एजंट त्या माणसाचे हे कवचच काढून घेत असतो. विम्याचा कागद घरी ठेवा, सोबत नेऊ नका. तो मागे राहिलेल्यांच्या उपयोगाचा आहे.

कलमबहाद्दर

मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतो. मुठाकाठ यांनी ज्याला साधेपणाने ‘काम’ म्हटले आहे त्याच्या पाठीशी 1963 चा व्हिएन्ना येथील वाणिज्यदूत संबंधविषयक करार उभा आहे. त्याच्या 36 व्या कलमानुसार परक्या देशात अटक झालेल्या माणसाने मागणी केली तर त्याच्या देशाच्या दूतावासाला विनाविलंब कळवावे लागते, आणि दूतावासाच्या अधिकाऱ्याला त्याला भेटण्याचा, त्याच्याशी बोलण्याचा आणि त्याच्यासाठी वकील उभा करण्याचा हक्क असतो. कुलभूषण जाधव यांचा खटला याच कलमावर उभा होता. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात मूळचे नागपूरचे हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर भारताची बाजू मांडली आणि 17 जुलै 2019 रोजी न्यायालयाने पाकिस्तानने या कलमाचा भंग केल्याचा निर्णय दिला. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो की एवढे मोठे प्रकरण एका साध्या भेटीच्या हक्कावर उभे होते. वैर कितीही असले तरी भारत आणि पाकिस्तान दर वर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलै या दिवशी आपापल्या तुरुंगांतील परस्परांच्या नागरिकांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या याद्यांत मच्छीमार मोठ्या संख्येने असतात.

मुठाकाठ यांनी तुरुंगभेटींविषयी लिहावे अशी विनंती.

कुर्ला_पूर्व

माझे वडील 1990 मध्ये कुवेतला होते. इराकने कुवेत घेतल्यावर ते आणि त्यांचे सहकारी बसने बसरा, बगदाद असे करत जॉर्डनच्या अम्मानला पोचले. त्यांचा पासपोर्ट कुवेतमध्ये मालकाच्या तिजोरीत राहिला होता. अम्मानमध्ये आपल्या वकिलातीचे कर्मचारी टेबले मांडून रात्रंदिवस बसलेले असत आणि माणूस तोंडाने सांगेल त्यावर विश्वास ठेवून प्रवासाचा कागद करून देत, असे ते सांगत. एअर इंडियाने 59 दिवसांत 488 उड्डाणे केली आणि सुमारे 1 लाख 70 हजार भारतीय घरी आले. वडिलांनी तो कागद मरेपर्यंत देव्हाऱ्याच्या खणात ठेवला होता.

नवउमेदवार

मी या सेवेत जाण्यासाठी अभ्यास करतो आहे. तुरुंग, मृत्यू आणि संकटे यांपलीकडे त्या देशाच्या माणसांशी तुमची ओळख कशी होत असे? आणि त्या वहीचे पुढे काय झाले?

मुठाकाठ

कलमबहाद्दर, समाईलच्या मध्यवर्ती तुरुंगात आम्ही ठरावीक काळाने जात असू. प्रत्येक कैद्याची दोन-तीन मिनिटे भेट मिळे. खटल्याची स्थिती, तब्येत, घरचा निरोप, एवढे विचारून होते तोच वेळ संपे. पहिल्या काही भेटींत मी कागद पुढे करून प्रश्न विचारत सुटत असे. एकदा पूर्व उत्तर प्रदेशातला एक वयस्कर कैदी मला म्हणाला, ‘साहेब, आमच्याकडे पाऊस झाला का?’ मला ते ठाऊक नव्हते. त्यानंतर तुरुंगात जाण्याच्या आदल्या रात्री मी ज्यांना भेटायचे त्यांच्या जिल्ह्यांतल्या पावसाच्या बातम्या शोधून टिपून नेत असे. त्या टिपणाचा जितका उपयोग झाला तितका माझ्या कोणत्याही अधिकृत टिप्पणीचा झाला नसेल.

नवउमेदवार, ओमानी माणसांशी ओळख व्हायला मला फार श्रम पडले नाहीत, कारण ती ओळख शेकडो वर्षे जुनी आहे. तिथल्या रियालचे हजार ‘बैसा’ होतात आणि बैसा म्हणजे आपला पैसाच. रिझर्व्ह बँकेने आखातासाठी 1959 मध्ये काढलेला वेगळा रुपया ओमानमध्ये 1970 पर्यंत चालत होता. आजच्या राजघराण्यातले सुलतान तैमूर यांनी 1932 मध्ये गादी सोडली आणि 1965 मध्ये त्यांचा अंत मुंबईत झाला. त्यांचे पुत्र सुलतान सईद अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकले होते. मत्रा येथील बाजारात लोबान विकणारे एक आजोबा होते. तरुणपणी ते गलबताने मुंबईला खजूर नेत आणि परतताना कापड, लाकूड आणत. त्यांचे हिंदी भायखळा आणि मशीद बंदर इथे घडलेले होते. ओमानी घरात आधी खजूर किंवा हलवा, मग कहवा (अरबी कॉफी). कान नसलेल्या छोट्या कपात तळाशी दोन घोट ओततात. कप उजव्या हाताने घ्यायचा आणि पुरे असेल तर रिकामा कप हलकेच हलवून परत द्यायचा. मला हे माहीत नव्हते. मी रिकामा कप तसाच पुढे करत राहिलो आणि त्यांचा नातू पुन्हा पुन्हा भरत राहिला. सातव्या कपानंतर आजोबांनी माझे मनगट धरून हळूच हलवले. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

आता वही. कंपनीच्या मंदूबाने (सरकारी कचेऱ्यांतली कामे करणाऱ्या तिच्या माणसाने) हिशेबाचा जो कागद आणून दिला, त्यात सेवाअंती मिळणारी रक्कम होती आणि जादा कामाच्या रकान्यात शून्य होते. मी वहीतली चौदा महिन्यांची पाने उतरवून काढली. तेलुगू अक्षरांत काही ठिकाणी शेरे होते. ते आमच्या चालकाने वाचून दाखवले: ‘स्लॅब’, ‘रात्री पाणी’, ‘शुक्रवारीही गेलो’. मंदूबाशी चार बैठका झाल्या आणि चारही वेळा तो म्हणाला की मेलेल्या माणसाची वही हा पुरावा होत नाही. शेवटी आम्ही मनुष्यबळ मंत्रालयात तडजोडीसाठी अर्ज केला. तिथला तरुण ओमानी अधिकारी बराच वेळ काही बोलला नाही. त्याने वहीचे एकेक पान उलटले, मग कंपनीकडून त्या इमारतीच्या काँक्रीटच्या नोंदी मागवल्या आणि ‘स्लॅब’ लिहिलेल्या तारखा त्यांच्याशी ताडून पाहिल्या. एकूण एक तारीख जुळली. कंपनीने न्यायालयात जाण्याआधीच रक्कम भरली आणि नेहमीच्या पद्धतीप्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वारसांकडे गेली.

बाकीचे सामान आधीच रवाना झाले होते. वही तेवढी पुराव्यासाठी माझ्याकडे राहिली होती. रक्कम मिळाल्याचे कळवायला त्याच्या पत्नीने फोन केला, तेव्हा तिने विचारले ते वहीविषयी. मंत्रालयाच्या फायलीतून ती सोडवून घ्यायला मला आणखी तीन आठवडे लागले. तिच्याच गावचा एक सुतार सुट्टीवर निघाला होता, त्याच्याजवळ मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. दोन महिन्यांनी वकिलातीच्या पत्त्यावर एक पाकीट आले. चालकाने उभ्याउभ्या वाचून दाखवले. वही पोचली होती. लिहिलेली पाने तिने तशीच ठेवली होती, आणि पुढच्या कोऱ्या पानांवर मुलगा शाळेचा गृहपाठ करत होता.